आयटी पार्क आधी की डाईहाऊस? छोट्या देशांकडून सोलापूरने काय घ्यावं

एका तरुणाचा प्रश्न आहे. तो मूळचा सोलापूरचा, नोकरीला पुण्यात. विचारतो: "२०११ च्या जनगणनेत सोलापूर जिल्ह्याची लोकसंख्या ४३ लाख होती. आयर्लंड, फिनलंड, सिंगापूर हे देश ५०-६० लाखांचे, एस्टोनिया तर १३-१४ लाखांचा. एवढ्याशा देशांनी ज्ञानावर चालणारी अर्थव्यवस्था उभी केली ती कशी? सोलापूरला एखादा मोठा आयटी पार्क मिळाला तर आपलंही तसं होईल का?"

मी टेक्स्टाईल केमिस्ट आहे. गेली २९ वर्षं अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यांचं रंगाईचं काम बघते. आधी एका डाईहाऊसच्या, म्हणजे रंगाई कारखान्याच्या, लॅबमध्ये नोकरी केली, आता पाच-सहा कारखान्यांना सल्ला देते. अर्थशास्त्र हा माझा विषय नाही. पण या प्रश्नाचं निम्मं उत्तर माझ्यासमोर रोज रसायनांच्या ड्रममधून येऊन पडतं, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी प्रश्न जरा फिरवून घेऊ. 'ज्ञानाधारित' म्हटलं की डोळ्यांसमोर काचेची इमारत येते आणि गळ्यात ओळखपत्र घातलेली मुलं. माझ्या मते खरा प्रश्न असा आहे: आपला माल बनवायला आपण बाहेरून काय काय विकत घेतो, आणि त्यातलं काय आपलं आपण करायला शिकतो? छोट्या देशांचा इतिहास मला तरी याच एका प्रश्नाभोवती फिरताना दिसतो.

निर्यातीचा एक टॉवेल हातात घ्या. सूत आपल्या देशातलं, हात सोलापूरचे. तो ज्या रॅपिअर मागावर विणला त्याची पाटी वाचा, चांगल्या कारखान्यात ती बहुधा बेल्जियमची किंवा इटलीची असते. मागावरचा जॅकार्ड, म्हणजे नक्षी विणणारं यंत्र, अनेकदा स्विस कंपनीचा. विणताना उभा धागा तुटू नये म्हणून त्याला खळ लावतात, त्याला आम्ही सायझिंग म्हणतो. रंगवण्याआधी ही खळ पूर्ण निघावी लागते, नाहीतर टॉवेल पाणी ओढत नाही आणि रंग डागाडागांनी बसतो. हे काम आता एन्झाइम, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं एक प्रथिन, करतं. कोमटाहून गरम पाण्यात ते खळ विरघळवून टाकतं आणि कापसाच्या धाग्याला हात लावत नाही. मग मी कापडावर आयोडीनचा एक थेंब टाकते. थेंब निळा-जांभळा झाला तर खळ राहिली, पिवळसरच राहिला तर निघाली. ही एवढी परीक्षा आमची. पण ज्या ड्रममधून ते एन्झाइम ओतलं, त्याचं मूळ शोधत गेलात तर अनेकदा डेन्मार्कला पोहोचता.

डेन्मार्क ६० लाखांचा देश. तो एन्झाइमपर्यंत कसा आला, ही साखळी मी शिकाऊ मुलांना नेहमी सांगते. १८७०-८० च्या सुमारास अमेरिकेतून स्वस्त धान्य युरोपात येऊ लागलं आणि डॅनिश शेतकऱ्याचा धान्याचा धंदा बसला. ते लोण्याकडे वळले. १८८२ मध्ये येडिंग नावाच्या खेड्यात पहिली सहकारी डेअरी निघाली आणि थोड्याच वर्षांत गावोगाव पसरली. लोणी काढल्यावर उरलेलं दूध डुकरांना घालायचं, म्हणून डुकरं वाढली, सहकारी कत्तलखाने आले. १९२२ मध्ये कॅनडात इन्सुलिनवर काम चाललेलं असताना ऑगस्ट क्रोग हे डॅनिश नोबेल विजेते शास्त्रज्ञ अमेरिकेच्या दौऱ्यावर होते. त्यांच्या पत्नी मारी क्रोग स्वतः डॉक्टर, आणि त्यांना मधुमेह होता. त्यांच्या आग्रहामुळे क्रोग टोरांटोला गेले आणि इन्सुलिन बनवायची परवानगी घेऊन परतले. तेव्हा इन्सुलिन जनावरांच्या स्वादुपिंडातून काढत, आणि डेन्मार्कच्या कत्तलखान्यांत स्वादुपिंडांना तोटा नव्हता. १९२३ मध्ये उत्पादन सुरू झालं. पुढे स्वादुपिंडातूनच ट्रिप्सिन हे एन्झाइम काढून १९४० च्या दशकात चामडं कमावणाऱ्यांना विकायला लागले. तिथून एन्झाइमचा वेगळा उद्योग वाढला आणि कापडापर्यंत आला.

धान्य, लोणी, डुकरं, इन्सुलिन, एन्झाइम. कुठेही कोरी पाटी नाही. प्रत्येक पायरी आधीच्या धंद्याच्या उकिरड्यातून किंवा अडचणीतून निघाली. पण प्रत्येक पायरीवर कोणीतरी शिकलेला माणूस उभा होता, हेही तितकंच खरं. क्रोग कोपनहेगन विद्यापीठात प्राध्यापक नसते, तर ती स्वादुपिंडं स्वादुपिंडंच राहिली असती.

आता स्वित्झर्लंडमधलं बासेल. सोलापूरच्या माणसाने सिंगापूरपेक्षा बासेलचा इतिहास आधी वाचावा असं मला मनापासून वाटतं, कारण ते आपल्यासारखं विणकरांचं गाव होतं. फ्रान्समधून धर्मछळामुळे पळून आलेल्या लोकांनी तिथे रेशमी फितींचं विणकाम वाढवलं, आसपासच्या खेड्यांत घरोघरी माग होते. सोलापूरच्या पूर्व भागात उभं राहून मागाचा आवाज ऐकलेल्या माणसाला हे चित्र वेगळं सांगायला नको. फिती रंगवायला रंग लागे. १८५९ मध्ये अलेक्झांडर क्लावेल या रेशीम रंगवणाऱ्याने फुक्सिन हा नवा कृत्रिम रंग स्वतःच बनवायला घेतला. तोच धंदा पुढे सिबा कंपनी झाला. गायगी, सँडोझ याही मुळात रंगाच्याच कंपन्या. रंग बनवायचं रसायनशास्त्र आणि औषध बनवायचं रसायनशास्त्र शेजारी शेजारी राहतात. कच्चा माल तोच, भांडी तीच, लॅबमधले हात तेच. १८९५ मध्ये सँडोझने तापावरचं अँटिपायरिन बनवायला सुरुवात केली. या तिन्ही कंपन्या एकत्र होत होत १९९६ मध्ये नोव्हार्टिस झाली. फितीपासून औषधापर्यंत जवळपास दीडशे वर्षं, आणि गाव एकच.

यात एक अवघड गोष्ट आहे, ती झाकून ठेवणं बरं नाही. त्या काळी स्वित्झर्लंडमध्ये पेटंटचा कायदाच नव्हता. तो १८८८ मध्ये आला आणि रसायनांना तर १९०७ नंतर लागू झाला. फ्रान्समध्ये ज्या रंगावर एकाच कंपनीचा हक्क होता, तो बासेलमध्ये कुणालाही बनवता येत होता. आपल्या औषध उद्योगालाही १९७० च्या पेटंट कायद्याने अशीच मोकळीक दिली होती आणि २००५ मध्ये ती संपली. म्हणजे बासेलची वाट आज जशीच्या तशी उघडी नाही.

तरी बासेलहून मी जे आणलं ते पेटंटशी संबंधित नव्हतं. २००३ मध्ये एका रंग कंपनीच्या तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला मी तिथे गेले होते. आमच्या गटाला शेड जुळवून दाखवायला आली ती १७ वर्षांची मुलगी. ती शिकाऊ होती. आठवड्यातले काही दिवस कारखान्याच्या लॅबमध्ये, पगार घेऊन, आणि उरलेले शाळेत. स्वित्झर्लंडमध्ये बहुसंख्य मुलं याच वाटेने जातात, आणि पुढे हुशारीप्रमाणे इंजिनिअरिंगलाही जाता येतं. मला धक्का बसला तो तिची वही बघून. तिने चुकलेले नमुने वहीत चिकटवले होते. प्रत्येकाच्या शेजारी तापमान, वेळ, मीठ, सोडा, आणि खाली एका ओळीत चुकण्याचं कारण. आमच्या लॅबमध्ये जुळलेला नमुना फाईलला लागायचा आणि चुकलेला कचऱ्यात जायचा.

त्याच वर्षी आमचे एक रंगारी मामा निवृत्त झाले. सोड्याचं द्रावण दोन बोटांत चोळून कमी की जास्त ते सांगायचे, आणि मीटरने तपासलं की बरोबर निघायचं. आम्ही त्यांचा सत्कार केला, शाल दिली. त्यांच्याजवळ बसून लिहून काही घेतलं नाही. पुढच्या सहा महिन्यांत गडद निळ्याचे इतके लॉट परत रंगवावे लागले की मालक हैराण झाले. मामांच्या बोटांत होतं ते ज्ञानच होतं. फक्त ते कागदावर नव्हतं, म्हणून त्यांच्याबरोबर घरी गेलं. त्यानंतर मी चुकलेल्या नमुन्यांची वही सुरू केली. आजही ती पद्धत चालू आहे.

देशाच्या पातळीवर हेच काम कोण करतं? इथे मधल्या टप्प्याचा पैसा महत्त्वाचा ठरतो. विद्यापीठात कल्पना निघते, कारखान्यात माल निघतो. मधली तीन-चार वर्षं, जिथे नऊ प्रयोग फसतात आणि एक लागतो, त्यांचा खर्च छोटा कारखानदार करू शकत नाही. त्याला शनिवारी कामगारांचा हप्ता वाटायचा असतो. फिनलंडने १९८३ मध्ये टेकेस नावाची संस्था काढली. ती कंपन्यांना संशोधनासाठी अनुदान आणि कर्ज द्यायची आणि विद्यापीठांबरोबर काम करायला लावायची. १९९१ नंतर सोव्हिएत बाजार कोसळला, फिनलंडमधली बेकारी सुमारे ३ टक्क्यांवरून १९९४ पर्यंत १६ टक्क्यांच्या वर गेली. सरकारने बाकी पुष्कळ खर्च कापले, पण तंत्रज्ञानावरचा पैसा वाढवला. नोकियाचं मोबाईलचं यश त्यानंतरचं. इस्राएलने १९९३ मध्ये योझ्मा योजनेत १० कोटी डॉलर घातले, तेही थेट कंपन्यांत न घालता बहुतांश रक्कम दहा गुंतवणूक निधींत, प्रत्येकात एक परदेशी भागीदार हवा या अटीवर. भागीदाराला पाच वर्षांच्या आत सरकारचा हिस्सा ठरलेल्या भावाने विकत घेण्याची मुभा होती. म्हणजे बुडालं तर सरकारचंही बुडणार, फायदा झाला तर खासगी भागीदाराचा जास्त. आपल्याकडे असा करार करायला अधिकारी धजावेल का, हा प्रश्न मला नेहमी पडतो. कारण त्याच्यावर उद्या चौकशी लागू शकते.

सिंगापूरची एक गोष्ट आपल्या घरचीच आहे. १९६५ मध्ये स्वतंत्र झालं तेव्हा तिथे कुशल हात नव्हते. १९७२ मध्ये तिथल्या आर्थिक विकास मंडळाने कामगार प्रशिक्षण केंद्र काढलं ते टाटांबरोबर. टाटांची तिथे स्वतःची अचूक यंत्रकामाची कंपनी होती. व्यवस्था अशी की टाटांनी आपल्या गरजेपेक्षा जास्त मुलं घडवायची, आणि जादाची मुलं बाकीच्या कारखान्यांनी घ्यायची. पुढे फिलिप्सबरोबरही हाच नमुना वापरला. ही अट मला सोन्यासारखी वाटते. परदेशी कंपनीला जागा आणि सवलत देताना बदल्यात नोकऱ्यांचा आकडा न मागता शिकवण्याचं काम मागितलं.

आयर्लंडने १९६७ मध्ये माध्यमिक शिक्षण मोफत केलं, १९७० पासून प्रादेशिक तंत्रमहाविद्यालयं काढली. इंटेलने तिथे कारखाना टाकायचं ठरवलं ते १९८९ मध्ये. मधली वीस वर्षं मोजा. एस्टोनियाने १९९६ पासून शाळाशाळांत संगणक आणि इंटरनेट नेलं. सरकारी खात्यांच्या नोंदी एकमेकांशी जोडणारी एक्स-रोड व्यवस्था २००१ ची आणि स्काईप २००३ चं.

इथवरचं थोडक्यात सांगायचं तर तीन गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. हातातल्या धंद्याची पुढची पायरी चढणं, मुलांना लवकर आणि खरं काम शिकवणं, आणि फसणाऱ्या प्रयोगांचा खर्च उचलणारं कोणीतरी असणं. घरचा बाजार लहान म्हणून पहिल्या दिवसापासून बाहेरच्या गिऱ्हाईकाकडे बघणं ही चौथी गोष्ट. ती सोलापूरच्या टॉवेलवाल्यांना शिकवायची गरज नाही.

आता कशाकशावर अवलंबून आहे ते सांगते. देशाकडे कर, चलन, व्हिसा, कायदा असतो. जिल्ह्याकडे यातलं काहीच नसतं. सोव्हिएत संघ फुटल्यावर शिकलेले इंजिनिअर आणि शास्त्रज्ञ इस्राएलला मोठ्या संख्येने आले, तशी लाट मागून मिळत नाही. आयर्लंडचे आकडेही जपून वाचा. २०१५ मध्ये तिथला जीडीपी २६ टक्क्यांनी वाढला असं निघालं, ते मुख्यतः मोठ्या परदेशी कंपन्यांनी आपली मालमत्ता कागदोपत्री तिथे हलवल्यामुळे. एकाच टोपलीत सगळी अंडी ठेवल्याचं फळ फिनलंडने भोगलं. नोकिया घसरली, २०१४ मध्ये तिचा फोनचा धंदा मायक्रोसॉफ्टकडे गेला आणि देश काही वर्षं अडखळत राहिला. एक मात्र चांगलं झालं. नोकियाने काढून टाकलेल्या लोकांना स्वतःची कंपनी काढायला पैसे आणि मदत दिली, आणि त्यांतून अनेक लहान कंपन्या निघाल्या. कंपनी गेली तरी माणसं देशात होती.

म्हणून आयटी पार्कबद्दल माझं मत असं: येऊ द्या, चांगलंच आहे, पोरांना गावात नोकरी मिळेल. पण तिथे बाहेरच्या कंपनीचं बाहेरच्या गिऱ्हाईकासाठीचं काम होणार असेल आणि आपल्या मागाशी, डाळिंबाशी, पाण्याशी त्याचा संबंध नसेल, तर सवलत संपली की ते दुसऱ्या गावी जाऊ शकतं. जे ज्ञान इथल्या अडचणीतून निघतं ते सहज उचलून नेता येत नाही. याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण डाळिंबाचं. २००५ मध्ये केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सुरू झालं, कारण डाळिंब इथे होतं आणि तेल्या रोगही इथेच होता. त्या केंद्राने 'सोलापूर लाल' हे वाण दिलं. टॉवेलसाठी, रंगाईसाठी तसं केंद्र या गावात असावं ही माझी कित्येक वर्षांची तळमळ आहे.

तुमच्यासारखी मुलं हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेली याचं मला वाईट वाटत नाही. आयर्लंडमधून १९८० च्या दशकात तरुण लोंढ्याने बाहेर पडले, १९९० च्या दशकात पुष्कळ परतले, आणि येताना अनुभव घेऊन आले. तैवानमध्येही अमेरिकेत मोठे झालेले इंजिनिअर परतले. मॉरिस चँग १९८५ मध्ये आले आणि १९८७ मध्ये त्यांनी टीएसएमसी ही चिप बनवणारी कंपनी काढली. पण ते परत आले तेव्हा तिथे १९७३ पासून चाललेली सरकारी संशोधन संस्था होती, त्यांना बसायला खुर्ची होती. आपल्याकडे परतणाऱ्याला चांगलं घर मिळतं, मान मिळतो, करण्याजोगं अवघड काम मिळत नाही.

असं अवघड काम मला विचाराल तर मी एकाच गोष्टीपासून सुरुवात करीन: मीठ. सुती धाग्यावर रिअ‍ॅक्टिव्ह रंग (धाग्याशी रासायनिक रीतीने जोडला जाणारा रंग) चढवायला मीठ लागतं, गडद रंगाला किलोभर सुतामागे अर्ध्या किलोहूनही जास्त. यातलं जवळजवळ काहीच कापडात राहत नाही, सगळं सांडपाण्यात जातं. ज्या शहरात नळाला पाणी दिवसांच्या अंतराने येतं, तिथे आम्ही पाणी खारट करून सोडतो, हे लिहितानाही मला टोचतं. तिरुपूरने हे भोगलंय. जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने तिथली डाईहाऊस बंद झाली. मग त्यांनी पाणी शुद्ध करून परत वापरायला आणि खारं पाणी पुन्हा रंगाईत घ्यायला शिकून घेतलं. त्यासाठी वीज आणि वाफ मात्र भरपूर लागते. कमी मिठात, कमी पाण्यात, पहिल्याच फेरीत शेड बरोबर यायला हवी असेल तर रसायन हवंच, पण त्याहून जास्त मोजमाप हवं. दर मिनिटाला पाण्यात मीठ किती, सोडा किती, तापमान किती, रंग किती उतरला, ही नोंद आणि तिच्यावरून पुढचा लॉट कसा चालवायचा याचा हिशेब. मामा दोन बोटांनी करायचे तेच, पण लिहून ठेवता येईल असं. हे सोलापुरात जमलं तर इचलकरंजी घेईल, तिरुपूर घेईल, बांगलादेश घेईल. मग आपण टॉवेलबरोबर ड्रमही विकू.

तुम्ही पुण्यात नेमकं काय करता ते लिहिलेलं नाही. सेन्सर, कंट्रोल, डेटा यातलं काहीही असेल तर पुढच्या सुट्टीत गावी याल तेव्हा अर्धा दिवस मोकळा ठेवा. माझ्या ओळखीची तीन डाईहाऊस आहेत, तिथले मालक त्यांच्या मिठाच्या आणि पाण्याच्या नोंदवह्या दाखवायला तयार आहेत. चुकलेल्या नमुन्यांच्या वह्या माझ्याकडे आहेत, २००३ पासूनच्या सगळ्या. त्या संगणकात कशा घ्यायच्या ते मला येत नाही, तुम्हाला येत असेल तर तिथूनच सुरुवात करू.